मस्टँगची पुढची जाळी: तयार मागवावी की उद्यमबागेत करून घ्यावी?

निपाणीचा_स्वार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. भारतात २०१६ साली अधिकृतपणे आलेली, पाच लिटर व्ही-आठ इंजिनाची आणि कारखान्यातूनच उजव्या हाताला स्टिअरिंग घेऊन आलेली ही पहिली पिढी. गाडी मी वापरलेली घेतली असून तिची नोंदणी आता चिक्कोडीच्या केए-२३ मालिकेत झाली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. पुढच्या जाळीची (ग्रिलची) अवस्था मात्र बघवत नाही. तिच्या मधोमध असलेल्या मस्टँगच्या घोड्याच्या चिन्हाचा एक पाय मोडला आहे, जाळी बंपरला धरणारे उजव्या कोपऱ्यातले दोन कान तुटल्यामुळे हमरस्त्यावर जाळी थरथरते, आणि आधी कुणीतरी तिच्यावर स्प्रेच्या डब्यातला काळा रंग मारला होता, त्याचे आता पापुद्रे सुटू लागले आहेत.

मूळ जाळीच्या जागी षटकोनी भोकांची, मॅट काळ्या रंगाची जाळी बसवावी आणि घोडा मात्र कायम ठेवावा, असा विचार आहे. घोडा काढून टाकलेल्या मस्टँग मी पाहिल्या आहेत, पण माझ्या मनाला ते पटत नाही. अडचण अशी की तयार जाळी परदेशातून मागवायची तर खर्च बराच येतो आणि वस्तू हातात पडेपर्यंत ती नेमकी बसेल की नाही हे कळत नाही. दुसरीकडे बेळगावात उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत लेझर कटिंग, पत्राकाम, पावडर कोटिंग (रंगाची पूड भट्टीत भाजून बसवणे) असे सगळे उद्योग असताना ही वस्तू आपल्याकडेच का होऊ नये, असेही वाटते.

माझे फिरणे मुख्यतः निपाणी ते बेळगाव असे महामार्गावर असते, अधूनमधून कोल्हापूर, आणि सवड मिळाली की चोर्ला घाटाने गोवा. जाळी बदलल्याने घाटात इंजिन तापेल का, धातू वापरावा की प्लॅस्टिक, बंपर न उतरवता हे काम होते का, आणि आरटीओच्या दृष्टीने यात काही अडचण आहे का, हे जाणकारांनी सविस्तर सांगितले तर फार उपकार होतील. मला घाई नाही. काम एकदाच व्हावे आणि नीट व्हावे, एवढीच इच्छा आहे.

उद्यमबाग_पत्राकाम

स्वारसाहेब, आपण घोडा ठेवणार आहात हे वाचून बरे वाटले. आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की जाळी बेळगावात निश्चित होईल आणि चांगली होईल. पण ती आधी हवेची वाट आहे आणि नंतर गाडीचा चेहरा आहे, हा क्रम कामाच्या प्रत्येक टप्प्यावर सांभाळावा लागेल. जाळीच्या मागे पहिल्यांदा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग, असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर. या दोघांना मिळणारी हवा बंपरच्या वरच्या आणि खालच्या तोंडातूनच येते. म्हणून नक्षी कुठली हवी हे ठरवण्याआधी, जाळीच्या एकूण क्षेत्रफळापैकी किती भाग मोकळा राहणार, हे कागदावर काढून पाहावे.

हा हिशेब अवघड नाही. षटकोनी भोकाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर १० मिमी आणि दोन भोकांमधली पट्टी २ मिमी ठेवली, तर १० ला १२ ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा. उत्तर सुमारे ६९ टक्के येते, म्हणजे इतका भाग मोकळा. भोक २५ मिमी आणि पट्टी ३ मिमी ठेवली तर हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ जाते. याउलट बाजारात तयार मिळणारा गोल भोकांचा पत्रा दिसायला कितीही देखणा असला, तरी ६ मिमीचे भोक आणि ९ मिमीचे अंतर असलेल्या पत्र्यात, भोके एकाआड एक सरकवून पाडलेली असली तरीसुद्धा, जेमतेम ४० टक्के भाग मोकळा असतो. तो पत्रा स्पीकरच्या पेटीला शोभतो. व्ही-आठ इंजिनापुढे तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दगड लागू नयेत म्हणून षटकोनी जाळीच्या मागे बारीक तारेची दुसरी जाळी लावण्याची पद्धत आहे. तारेची जाळी ३ मिमी भोकाची आणि १ मिमी तारेची असेल तर ती एकटी ५६ टक्के मोकळी असते, पण ६९ टक्क्यांच्या जाळीमागे ती आली की दोन्ही प्रमाणांचा गुणाकार होतो आणि हाती ३९ टक्क्यांच्या आसपास उरते. तेव्हा एक तर मोठ्या भोकांची शोभेची चौकट घेऊन तिच्यामागे संरक्षणाची जाळी लावावी, नाहीतर मध्यम भोकांची एकच जाळी लावावी; दोन्ही कामे दोन दाट थरांवर सोपवू नयेत.

आपल्या भागापुरता एक विशेष मुद्दा आहे, तो गळीत हंगामाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, चिक्कोडी या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांमागून जो कोणी गाडी चालवतो, त्याला उडत्या पाचटाचा अनुभव असतोच. पाचटाचे पान लांब आणि चिवट असते. ते ३ मिमीच्या भोकातून आत जात नाही, जाळीवर आडवे चिकटून बसते आणि त्यावर धूळ धरते. १० मिमीच्या षटकोनातून त्याचे तुकडे आत जातात आणि कंडेन्सरवर अडकतात. यांतला कमी त्रासाचा पर्याय पहिला, कारण जाळीवरचे पाचट हाताने निघते. कंडेन्सरवरचे काढायचे तर त्याची नाजूक पाती वाकणार नाहीत अशा बेताने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे लागते. म्हणून माझी शिफारस अशी की दर्शनी षटकोन २५ मिमीचे ठेवावेत आणि मागे ६ मिमी भोकाची, १ मिमी तारेची स्टेनलेसची जाळी स्वतंत्र चौकटीत, चार स्क्रूंवर सुटी निघेल अशी लावावी. ती एकटी ७३ टक्के मोकळी असते. दोन्ही मिळून ५८ टक्के राहतात. हंगाम संपला की ती काढून ठेवता येते.

धातूच घ्यायचा तर दर्शनी भागाला २ मिमी जाडीचे ॲल्युमिनियम पुरेसे आहे. ते हलके असते, लेझरवर स्वच्छ कापले जाते आणि बंपरच्या गोलाईप्रमाणे हाताने वळवता येते. कापल्यानंतर प्रत्येक कड कानशीने मोडून घ्यावी. पावडर कोटिंग धारदार कडेवर पातळ बसते आणि तिथूनच पहिल्यांदा सुटते. शिवाय पायी चालणाऱ्याला गाडीचा धक्का लागलाच, तर उघडी धार त्याला इजा करील. याच कारणासाठी धातूची जाळी बंपरच्या तोंडाच्या काठापेक्षा आत राहिली पाहिजे, बाहेर डोकावता कामा नये.

शहापूर_रंगकाम

वरच्या उत्तरातील हवेचा हिशेब योग्यच आहे. मी फक्त प्लॅस्टिक आणि रंग यांबद्दल लिहितो, कारण मूळ जाळी वाचवण्यासारखी असेल तर ती आधी वाचवावी, असे मला वाटते.

जाळी हातात आली की ती उलटी करून मागची बाजू उजेडात धरा. प्लॅस्टिकच्या भागावर तो कशाचा आहे याचा बारीक ठसा असतो. तिथे एबीएस (एक कडक प्लॅस्टिक) असे असेल तर दुरुस्ती सोपी आहे. तुटलेल्या कानाच्या जागी एबीएसचाच चुरा असिटोनमध्ये विरघळवून केलेली दाट लापशी भरायची, आत तापवून रुतवलेल्या धातूच्या पिना द्यायच्या, पूर्ण वाळू द्यायचे आणि मग घासून आकार द्यायचा. ठसा पीपी (पॉलिप्रोपिलीन) असा असेल तर ही लापशी त्याला धरत नाही. तिथे त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावे लागते.

जो एबीएस असिटोनमध्ये विरघळतो, त्यावरचा जुना रंग काढायला थिनर किंवा असिटोन कधीही वापरू नका. पृष्ठभाग आधी चिकट होतो, मग त्यावर बारीक तडे जातात, आणि ते कुठल्याही प्रायमरने झाकले जात नाहीत. पाणी घालून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने जुने पापुद्रे उतरवावेत, ६०० ने गुळगुळीत करावे, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावे, मग प्लॅस्टिकसाठीचा पकड वाढवणारा प्रायमर द्यावा आणि त्यावर हार्डनर मिसळलेला दोन घटकांचा रंग मारावा. स्प्रेच्या साध्या डब्यातला रंग दगडाच्या पहिल्याच माऱ्याला उडतो. आपल्या जाळीवर जे पापुद्रे सुटले आहेत त्याचे कारण बहुधा तेच, किंवा खाली प्रायमरच दिलेला नसावा.

काही ग्राहक प्लॅस्टिकची जाळी घेऊन येतात आणि तिला पावडर कोटिंग करून मागतात, म्हणून हेही स्पष्ट करतो. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर चालते आणि एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. त्या भट्टीत फक्त धातूची जाळी जाऊ शकते. मोडलेला घोडाही भट्टीत टाकू नका. फोर्डच्या सुट्या भागांत नवा घोडा मिळतो, तो घ्यावा आणि त्याच्यावरचा चकचकीत मुलामा ठेवायचा नसेल तर आधी घासून मगच रंगवावा. मुलाम्यावर थेट मारलेला रंग धरत नाही.

मॅट काळ्या रंगाबद्दल एक सूचना आहे. तो पॉलिशने चोळला की जागोजागी चमकू लागतो, म्हणून गाडी धुणाऱ्या माणसाला जाळीवर पॉलिश लावू नको, असे आवर्जून सांगावे. अर्धवट मॅट, म्हणजे सॅटिन, निवडलात तर तांबडी धूळ कमी दिसते आणि धुणेही सोपे जाते.

कागल_ते_काकती

स्थानिक उद्योगाबद्दल मलाही अभिमान आहे, तरीही मी तयार जाळीची बाजू मांडतो. तयार जाळी साच्यातून निघालेली असते, तिचे कान मूळ जागी बसतात, आणि पुढे गाडी विकताना मूळ जाळी परत लावता येते. पत्र्याच्या जाळीत बंपरची दुहेरी गोलाई साधणे हे कसबी कारागिराचे काम आहे. कोपऱ्यात ५ मिमीची फट राहिली तरी ती लांबून दिसते आणि एकदा दिसली की डोळ्याला खुपत राहते.

मागवणार असाल तर खर्चाचा अंदाज मात्र नीट काढावा. हवाई कुरिअर कंपन्या मोठ्या पण हलक्या वस्तूचे भाडे वजनावर आकारत नाहीत, आकारमानावर आकारतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचे. खोके १३० बाय ४० बाय २५ सेंमीचे असेल तर आत तीन-चार किलोची जाळी असली तरी भाडे २६ किलोचे लागते. वस्तूची किंमत आणि वाहतूक खर्च धरून त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी येतो तो वेगळाच. विक्रेत्याच्या पानावरची किंमत पाहून हरखून जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

शिवाय ही जाळी २०१५ ते २०१७ च्या चेहऱ्यासाठीचीच आहे, याची लेखी खात्री करून घ्या. २०१८ च्या मॉडेलपासून मस्टँगचा पुढचा भाग, बंपर आणि दिवे बदलले. दोन्हींच्या जाळ्या एकमेकींना बसत नाहीत, आणि जाहिरातीत मात्र बऱ्याचदा नुसते मस्टँग एवढेच लिहिलेले असते.

टिळकवाडी_कायदा

आरटीओबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर देतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमात, परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आता जाळीकडे वळू. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिन, चासी, रंग, इंधन, आसनक्षमता, बॉडीचा प्रकार असे तपशील असतात; जाळीची नक्षी त्यात येत नाही. बंपरच्या मूळ तोंडात, मूळ आकारात, बाहेर न येणारी जाळी बसवण्याला या कारणाने कोणी हरकत घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हरकत येते ती जाळीच्या निमित्ताने होणाऱ्या इतर गोष्टींना. जाळीपुढे लोखंडी नळीचा गार्ड लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड कलम ५२ चे उल्लंघन ठरवून राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते. जाळीत लाल किंवा निळे दिवे लावू नका. पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवायला नियमांत मनाई आहे आणि लुकलुकणारे दिवे तर कोगनोळीच्या नाक्यावर लांबूनच नजरेत भरतात.

तिसरी गोष्ट नंबरप्लेटची. कर्नाटकात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागू झाली आहे, म्हणजे आपल्या गाडीलाही ती हवी. ती एकदाच वापरता येणाऱ्या कुलपी रिव्हेटने बसवलेली असते. काम करताना ती उपटून काढली तर रिव्हेट फुटते आणि साध्या स्क्रूने परत लावलेली प्लेट नियमात बसत नाही. बंपर उतरवायचाच असेल तर प्लेटसकट उतरवावा.

विम्याबद्दलही सांगतो. काम झाल्यावर विमा कंपनीला फोटो आणि बिलासह ई-मेल करून बदल कळवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. झीज-कपात माफ करणारे जादा संरक्षण आपल्या पॉलिसीत आहे का, तेही पाहावे. ते नसेल तर प्लॅस्टिक, नायलॉन व रबराच्या भागांवर दाव्यात ५० टक्के कपात होते, आणि बंपर व मूळ जाळी ही दोन्ही त्याच गटात मोडतात.

जांबोटी_मार्ग

मी खानापूर भागातला आहे. पावसाळ्यानंतर जांबोटीकडून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी मोकळी झालेली असते आणि समोरच्या ट्रकच्या चाकाखालून सुटलेला दगड बरोबर खालच्या तोंडातून आत जातो. आमच्या घरच्या गाडीचा कंडेन्सर असाच फुटला. एसीचा सगळा गॅस गेला आणि नवा कंडेन्सर बसवावा लागला. वरच्या जाळीची एवढी चर्चा चालली आहे, पण जमिनीजवळचे तोंड उघडे ठेवून वरच्या तोंडाला जाळी लावण्यात फारसा अर्थ नाही. आधी खालच्या तोंडाला संरक्षण द्या, ही कळकळीची विनंती आहे.

कारवार_किनारा

समुद्राकडे येणे-जाणे असेल तर ॲल्युमिनियमच्या जाळीत स्टेनलेसचे स्क्रू उघडे मारू नयेत. खारट ओलाव्यात दोन धातूंचा स्पर्श झाला की ॲल्युमिनियम खात जाते. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की समजावे. कोटिंग झाल्यानंतर भोके पाडू नका, आधी पाडा, म्हणजे भोकाच्या आतली कडही झाकली जाईल, आणि प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर व भोकात नायलॉनची बुशिंग द्या.

निपाणीचा_स्वार

सर्वांचे मनापासून आभार. आपले सल्ले वाचून मी जाळीच्या मागे टॉर्चचा उजेड टाकून पाहिले, तेव्हा कंडेन्सरची पाती दोन-तीन ठिकाणी आधीच वाकलेली दिसली आणि खालच्या कोपऱ्यात पाचटाचा गुंता अडकलेला होता, म्हणजे जांबोटीकर म्हणतात ते माझ्या गाडीलाही लागू आहे. मी असे ठरवतो आहे की मूळ जाळी शहापूरला दुरुस्त आणि रंगवून घेऊन जपून ठेवायची, म्हणजे कागलच्या दादांनी मांडलेला विक्रीचा मुद्दाही सुटेल. आणि नवी जाळी उद्यमबागेत ॲल्युमिनियमची करायची. खालच्या तोंडालाही सुटी निघणारी तारेची जाळी हवी आहे.

तीन शंका उरल्या आहेत. बंपर उतरवताना आमच्याकडचा मिस्त्री कशाला जपेल, घोडा पत्र्याच्या जाळीवर कसा बसवावा, आणि तापमानात फरक पडला की नाही हे खात्रीने कसे कळेल?

उद्यमबाग_पत्राकाम

उतरवण्यापासून सुरू करतो. सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर गाडीच्या पुढच्या भागात असतात आणि त्यांच्या सॉकेटशी वीज चालू असताना खेळू नये. बंपरची कड जिथे मडगार्डला भिडते तिथे दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. रंगाला चरे जातात ते नेहमी याच कोपऱ्यात. रेडिएटरवरच्या आवरणाच्या पुश-क्लिपा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात. त्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नयेत. मधली टिकली आधी वर काढून मग बुड उचलावे, आणि थोड्या जादा क्लिपा आणूनच कामाला बसावे. जाळी बंपरला मागून धरलेली असते, म्हणून बंपर न उतरवता ती पुढून ओढून काढण्याचा आग्रह धरू नका. माझ्या अंदाजाने आपले दोन कान अशाच ओढाताणीत गेले असावेत.

मिस्त्रीला आणखी दोन गोष्टी सांगा. बाहेरचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर बंपरच्या आत असेल तर तो त्याच जागी परत बसला पाहिजे, नाहीतर एसीचे स्वयंचलित नियंत्रण चुकीच्या आकड्यावर चालते. दुसरे म्हणजे, रेडिएटरच्या बाजूंना हवा अडवणारे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे पडदे असतात. ते दिसायला फालतू वाटतात आणि काम उरकताना पुष्कळदा बाजूला पडून राहतात. ते नसले की जाळीतून आलेली हवा रेडिएटरमधून न जाता बगलेतून निसटते. जाळी बदलल्यावर गाडी तापू लागली अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्याकडे मी जाळीच्या आधी हे पडदे तपासतो.

बसवण्याबद्दल सांगायचे तर, केवळ चिकटवण्यावर विसंबू नका. तोंड १०० सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच धरले आणि ते पूर्ण बंद आहे असे मानले, तर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला त्यावर हवेचा दाब सुमारे साडेसहा किलो वजनाइतका पडतो. मोकळ्या जाळीवर तो याहून कमी असतो. म्हणजे जोर फार नाही, पण तो सतत थरथरत येतो आणि उन्हात तापलेला गोंद अशा थरथरीला कंटाळतो. बंपरला नवी भोके न पाडता, मूळ जाळीच्या कानांच्या जागा वापरून मागे ॲल्युमिनियमच्या पट्टीची चौकट करू आणि जाळी तिच्यावर रबरी वॉशर देऊन स्क्रूने आवळू. जाळीची मागची बाजू आणि कंडेन्सर यांत किमान दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे, म्हणजे एखाद्या दगडाने जाळी आत दबली तरी ती नळ्यांना लागणार नाही.

घोड्यासाठी जाळीच्या मध्यावर, घोड्याच्या आकारापेक्षा थोडी लहान अशी भरीव जागा लेझरच्या चित्रातच ठेवू आणि तिच्यात घोड्याच्या मागच्या खुंट्यांसाठी भोके ठेवू. अशी जागा ठेवली नाही तर खुंट्या षटकोनांच्या मधोमध येतात आणि मग लोक मागून तारेने बांधतात. भरीव भागामुळे जाणारी हवा एकूण तोंडाच्या मानाने नगण्य आहे. समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडे तोंड करून घोडा धावतो, ही मूळ दिशा चित्र उलटे होऊन बदलणार नाही, याकडे मात्र कापण्याआधी मी आणि आपण दोघांनीही लक्ष देऊ.

तापमानाची तुलना करायची असेल तर ती जुनी जाळी गाडीवर असतानाच सुरू करावी लागेल. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) लावायचे छोटे उपकरण घ्या आणि कूलंटचे तापमान मोबाइलवर नोंदवत गोव्याकडून चोर्ला घाट चढून या, एसी चालू ठेवून, दुपारच्या वेळी. नवी जाळी लागल्यावर तीच चढण, तीच वेळ, तेवढीच माणसे आणि एसीची तीच सेटिंग ठेवून पुन्हा नोंद घ्या. सपाट महामार्गावरच्या आकड्यांना महत्त्व देऊ नका, तिथे हवा भरपूर मिळते. ट्रकच्या मागे सावकाश चढताना इंजिन जोर लावत असते आणि हवा सर्वांत कमी असते, खरी परीक्षा तिथेच होते. तापमान आधीपेक्षा चढे राहिले किंवा पंखा सारखा फिरू लागला, तर पहिल्यांदा मागची तारेची जाळी काढून पाहू. तरीही फरक राहिला तर षटकोन मोठे करून दर्शनी भाग नव्याने कापू. चित्र संगणकात असल्यामुळे त्याला फारसा वेळ लागत नाही.

येताना जाळी गाडीवरच राहू द्या. बंपर इथेच उतरवू, तोंडाचा पुठ्ठ्याचा नमुना काढू, तो गाडीवर धरून चारही कोपऱ्यांतल्या फटी बघू, आणि आपल्या पसंतीनंतरच पत्रा लेझरवर चढवू. गळीत हंगामात रस्ते भरायच्या आधी आलात तर जुन्या जाळीची घाटातली नोंदही स्वच्छ कंडेन्सरवर घेता येईल, म्हणून निघण्यापूर्वी तो पाचटाचा गुंता तेवढा काढून घ्या.